सीएमटीआर१ हाताळताना

माणसाच्या पेशीत एमआरएनएची, म्हणजे जनुकातला प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएची, लड उलगडायला लागली आणि जेमतेम वीस-तीस न्यूक्लिओटाइडांची (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांची) झाली, की लगेच तिच्या पहिल्या टोकाला कॅप बसते. ही कॅप म्हणजे एक ग्वानोसिन. ते उलट्या तोंडाने, तीन फॉस्फेटांच्या दुव्याने जोडलेलं असतं आणि त्याच्या सातव्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट असतो. इथवरच्या रचनेला ‘कॅप ०’ म्हणतात. यीस्टचं काम एवढ्यावर भागतं. आपल्या पेशी मात्र आणखी एक पाऊल पुढे जातात: कॅपला लागून असलेल्या पहिल्या न्यूक्लिओटाइडच्या रायबोज शर्करेवर, तिच्या दुसऱ्या कार्बनला लागलेल्या, ‘दोन-प्राइम’ म्हणतात त्या ऑक्सिजनवर, त्या आणखी एक मिथाइल चढवतात. ही ‘कॅप १’. हे मिथाइल चढवणारं मानवी एन्झाइम म्हणजे सीएमटीआर१. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करताना मी ते बनवलं, शुद्ध केलं आणि त्याचं काम मोजलं. ते सगळं कसं होतं, हे मला नीट सांगायचं आहे, कारण पाठ्यपुस्तकात या एन्झाइमला फार तर एक ओळ मिळते.

आधी हे मिथाइल कशासाठी, ते सांगते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच त्याचा जीव. हजारो अणूंच्या आरएनएवर तो म्हणजे तान्ह्या बाळाच्या गालावरची काजळाची तीट. पण तो नसेल, तर आपलीच रोगप्रतिकार यंत्रणा त्या आरएनएकडे परका म्हणून बघते. आयएफआयटी१ नावाचं प्रथिन कॅप ० असलेला आरएनए धरून ठेवतं आणि त्यावरून प्रथिन बनू देत नाही. रिग-आय नावाचा संवेदक पेशीत विषाणू शिरल्याची वर्दी देतो. त्याच्या खोबणीत ८३० क्रमांकावर हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल आहे आणि दोन-प्राइम जागेवर मिथाइल असेल तर त्या हिस्टिडीनमुळेच आरएनए तिथे बसत नाही. एका मिथाइलवरून आपलं-परकं ठरतं.

विषाणूंनीही हे हेरलेलं आहे. कोरोना विषाणूकडे याच कामासाठी एनएसपी१६ आहे, देवीच्या लसीसाठी वापरलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूकडे व्हीपी३९ आहे. २०१० मध्ये वेस्ट नाइल विषाणूवर एक सुंदर काम प्रसिद्ध झालं. त्या विषाणूचं दोन-प्राइम मिथाइल चढवणारं एन्झाइम बिघडवलं, तर साध्या उंदरांत तो लुळा पडतो. पण ज्या उंदरांत आयएफआयटी१ काढून टाकलेलं असतं, त्यांच्यात तो पुन्हा जोर धरतो. हा पेपर आमच्या जर्नल क्लबात वाचला आणि त्याच आठवड्यात मी सरांना सांगितलं, मला विषाणूचं नको, माणसाचं एन्झाइम द्या. सर म्हणाले, “मोठं आहे, त्रास देईल. पण कर.”

मोठं आहे हे खरंच. सीएमटीआर१ मध्ये ८३५ अमिनो आम्लं आहेत आणि त्याचे वेगवेगळे भाग मण्यांसारखे एकामागोमाग येतात. सुरुवातीला केंद्रकात जाण्याची खूण. मग जी-पॅच नावाचा छोटा तुकडा, जो हेलिकेज प्रथिनांना, म्हणजे आरएनएच्या गुंडाळ्या सोडवणाऱ्यांना, धरतो. मध्ये रॉसमन घडीचा, म्हणजे प्रथिनांत नेहमी दिसणाऱ्या एका ठरावीक वळणाचा, मुख्य भाग. खरी रसायनक्रिया तिथेच होते. त्याच्यापुढे एक चमत्कारिक भाग आहे. अनुक्रमावरून तो कॅपचं ग्वानोसिन जोडणाऱ्या एन्झाइमासारखा दिसतो, पण ते काम तो करत नाही. सर्वांत शेवटी डब्ल्यूडब्ल्यू नावाचा भाग. आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज २ चं एक लांब शेपूट असतं. त्या शेपटाच्या सेरीन ५ या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसले, म्हणजे आरएनएचं लेखन नुकतंच सुरू झालं, की सीएमटीआर१ तिथे येऊन चिकटतं. आरएनए बाहेर पडतो न पडतो तोच एन्झाइम दाराशी हजर.

एवढं सगळं जिवाणूत नीट बनवणं अवघड. म्हणून सुरुवातीला मी मधला, क्रिया करणारा भागच घेतला. ई. कोलाय या जिवाणूला सोसेल अशा कोडॉनांत, म्हणजे तीन अक्षरांच्या जनुकीय शब्दांत, लिहिलेलं जनुक मागवलं, मागे सहा हिस्टिडीनांचं शेपूट जोडलं, प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूत शिरवायच्या गोल डीएनएत, घातलं. ३७ अंशांवर वाढवलं तर सगळं प्रथिन गोळा होऊन गाळात जायचं. तापमान १८ वर आणून रात्रभर हळूहळू बनू दिलं, तेव्हा ते विरघळलेल्या रूपात मिळालं. ऐन मे महिन्यात मुंबईत फ्लास्क रात्रभर १८ अंशांवर ठेवायचा, तर शेकरचं कूलिंग धडधाकट हवं. आमच्या लॅबमधले काका रात्री घरी जाण्याआधी एकदा तरी त्याचा आकडा बघून जायचे.

शुद्धीकरणाबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण एन्झाइमचा स्वभाव मला तिथे कळला. पेशी फोडून सगळा रस निकेलच्या कॉलमवरून सोडला (हिस्टिडीनांचं शेपूट निकेलला चिकटतं), इमिडॅझोलने प्रथिन उतरवलं, आकारानुसार रेणू वेगळे करणारं जेल चालवलं, तर पन्नास किलोडाल्टनच्या जरा खाली जाडजूड बँड. देखणा बँड. पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० नॅनोमीटरला (जिथे आरएनए जास्त प्रकाश शोषतो) आणि २८० ला (जिथे प्रथिन) शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर बघितलं आणि बसलेच. शुद्ध प्रथिनाचं ते साधारण ०.६ यायला हवं. माझं १ च्याही वर होतं. म्हणजे माझ्या प्रथिनाबरोबर जिवाणूचा आरएनए ढिगाने आला होता. आरएनए धरणं हाच ज्याचा धंदा, ते हाताला लागेल तो आरएनए धरणारच. मग मिठाचं प्रमाण चढवून, एक मोलर सोडियम क्लोराइडने, कॉलम धूत राहिले. त्यानंतर हेपारिनचा कॉलम. हेपारिनवर आरएनएसारखाच दाट ऋणभार असतो, त्यामुळे प्रथिन त्याला चिकटतं आणि सोबतची न्यूक्लिक आम्लं निघून जातात. शेवटी जेल फिल्ट्रेशन, म्हणजे आकारावरून गाळणी. गुणोत्तर ०.६ च्या घरात आलं त्या दिवशी मी माझ्या ज्युनिअरला तो आकडा दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

त्या हेपारिनच्या दिवशी पावसाने गाड्या अडवल्या होत्या. काका म्हणाले, “ताई, शीव-कुर्ल्याला पाणी भरलंय, आज निघू नका.” तसंही कॉलम अर्ध्यावर सोडून जाता आलंच नसतं. घरी फोन केला, थंड खोलीत स्वेटर घालून बसले आणि रात्रभर थेंब थेंब उतरणारे फ्रॅक्शन गोळा केले.

एन्झाइम हातात आल्यावर त्याला काम द्यायला आरएनए हवा, आणि तोही कॅप ० असलेला. टी७ नावाच्या विषाणूच्या पॉलिमरेजने ‘जी’ने सुरू होणारा एक छोटा आरएनए बनवला. त्यावर व्हॅक्सिनियाच्या कॅपिंग एन्झाइमने कॅप चढवली आणि त्यासाठी जो जीटीपी, म्हणजे तीन फॉस्फेटवालं ग्वानोसिन, घातला, त्याच्या अल्फा, म्हणजे सर्वांत आतल्या, फॉस्फेटात फॉस्फरस-३२ होता. म्हणजे किरणोत्सारी अणू नेमका कॅपच्या पोटात बसला. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस. त्यामुळे बाकी सगळी तयारी पक्की झाल्याशिवाय त्याची ऑर्डर द्यायची नाही, हा लॅबचा शिरस्ता. आम्ही ऑर्डर वाशीच्या ‘ब्रिट’कडे, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीकडे, द्यायचो. छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज, समोर पर्स्पेक्स प्लास्टिकची जाड पाटी, बाजूला गायगर काउंटर. पाटी शिशाची का नाही, असं ज्युनिअरने विचारलं. फॉस्फरस-३२ मधून वेगवान बीटा कण निघतात. ते शिशासारख्या जड धातूवर आदळून थबकले की क्ष-किरण निर्माण होतात. प्लास्टिकमध्ये ते अलगद थांबतात. वापरलेल्या टिपा आणि नळ्या दहा अर्धायुष्यं, म्हणजे जवळजवळ पाच महिने, बंद डब्यात ठेवायच्या आणि मगच टाकायच्या.

आता खरा प्रश्न. एवढासा मिथाइल गट चढला की नाही, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडतं.

आरनेज टी२ नावाचं एक एन्झाइम आरएनएची साखळी प्रत्येक न्यूक्लिओटाइडनंतर तोडतं. तोडायला ते आरएनएच्याच दोन-प्राइम हायड्रॉक्सिलचा, म्हणजे त्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा, उपयोग करून घेतं. तो हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून जातो आणि साखळी तुटते. डीएनएमध्ये हा हायड्रॉक्सिलच नसतो, म्हणून डीएनए टिकाऊ आणि आरएनए नाजूक. सीएमटीआर१ नेमकं याच हायड्रॉक्सिलवर मिथाइल बसवतं. मिथाइल बसलं की तिथली चाल बंद, तो दुवा टी२ ला तुटत नाही. मग कॅप ० वाल्या आरएनएतून कॅप आणि एक न्यूक्लिओटाइड एवढाच तुकडा सुटतो, आणि कॅप १ वाल्यातून कॅप आणि दोन न्यूक्लिओटाइडं. दोन्ही तुकड्यांच्या पोटात किरणोत्सारी फॉस्फरस आहेच. जेलवर ते वेगवेगळ्या जागी थांबतात. एका मिथाइलचा फरक असा अख्ख्या न्यूक्लिओटाइडाएवढा होऊन समोर येतो.

वाचायला सोपं, हाताने करायला चिवट. आरनेज सगळीकडे असतं, घामात तर असतंच, आणि मुंबईच्या हवेत घाम येणार नाही असा महिना कोणता? लोकलमधून उतरून सरळ बेंचवर यायचं नाही, कोपरापर्यंत हात धुवायचे, ग्लोव्ह बदलायचे, पाणी डीईपीसी या रसायनाने आरनेज निकामी केलेलंच वापरायचं. आधी आरनेज हटवायला एवढे कष्ट करायचे आणि शेवटच्या पायरीला तेच स्वतः नळीत घालायचं.

जेल रात्रभर किरणोत्सार टिपणाऱ्या स्क्रीनखाली ठेवलं. सकाळी स्कॅनरवर चित्र उमटलं. एन्झाइम न घातलेल्या रकान्यात एकच पट्टा. एन्झाइम घातलेल्या रकान्यांत वेळेनुसार तो पट्टा फिका होत गेला आणि दुसऱ्या जागी नवा पट्टा गडद होत गेला. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे मी के२३९ए घातला होता, तिथे पुन्हा पहिलाच पट्टा, जसाच्या तसा.

के२३९ए म्हणजे २३९ व्या जागेवरचं लायसीन काढून तिथे अ‍ॅलानीन बसवलेलं एन्झाइम. बदल एका अमिनो आम्लाचा, बाकी घडी तीच. तरी क्रिया शून्य. हे पूर्वीच प्रसिद्ध झालेलं होतं, नवा शोध म्हणून मी ते केलं नव्हतं. पण आपल्या हाताने बनवलेल्या दोन प्रथिनांपैकी एक काम करतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही, हे बघितल्यावर रचनेचं चित्र माझ्यासाठी वेगळंच झालं.

ती रचना २०१४ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. मधल्या, क्रिया करणाऱ्या भागाचे स्फटिक त्यांनी मिथाइल देणाऱ्या रेणूसकट आणि कॅप असलेल्या आरएनएच्या तुकड्यासकट मिळवले. त्या अणूंच्या जागा सगळ्या जगाला खुल्या आहेत. ४एन४८ आणि ४एन४९ या क्रमांकांनी कुणालाही उतरवून घेता येतात. जेलचं चित्र शेजारी उघडं ठेवून मी संध्याकाळभर ती रचना स्क्रीनवर फिरवत बसले. मधोमध बीटा पट्ट्यांची एक वळलेली चादर, दोन्ही अंगांना मळसूत्री हेलिक्स. चादरीच्या एका कडेला मिथाइल देणारा तो रेणू, एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनीन, म्हणजे सॅम. त्याच्या गंधकावर धनभार आहे आणि त्यावरचं मिथाइल निसटायला उतावीळ. त्याच्या समोर आरएनएच्या पहिल्या न्यूक्लिओटाइडची शर्करा, तिचा दोन-प्राइम ऑक्सिजन बरोबर मिथाइलच्या रोखाने. आणि भोवती अमिनो आम्लांतली चौघं: लायसीन २३९, अ‍ॅस्पार्टेट ३६४, लायसीन ४०४ आणि एक ग्लुटामेट. त्यातलं लायसीन ४०४ ऑक्सिजनवरचा हायड्रोजन ओढून घेतं असं मानलं जातं. मग ऑक्सिजन पुढे होतो, मिथाइल गंधकाला सोडून त्याच्याकडे जातं. सॅमचं एस-अ‍ॅडेनोसिल होमोसिस्टीन उरतं आणि आरएनएवर कॅप १.

हीच चौकडी एनएसपी१६ मध्ये आहे: लायसीन ४६, अ‍ॅस्पार्टेट १३०, लायसीन १७०, ग्लुटामेट २०३. व्हीपी३९ मध्येही आहे. ई. कोलायच्या एफटीएसजे नावाच्या एन्झाइमातसुद्धा आहे, आणि ते तर प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवर काम करतं. मी तिन्ही रचना एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मधला गाभा असा जुळतो की कुठला कुणाचा ते रंगावरूनच सांगावं. जुळत नाही ती कॅप धरायची तऱ्हा. व्हीपी३९ कॅपच्या मिथाइल असलेल्या ग्वानीनला टायरोसीन २२ आणि फिनाइलअ‍ॅलानीन १८० या दोन सपाट कड्यांच्या मध्ये घट्ट दाबतं. एनएसपी१६ ला एनएसपी१० नावाचा जोडीदार लागतो, त्याच्याशिवाय त्याचं काम चालत नाही. आपलं सीएमटीआर१ असा कुठला जोडीदार मागत नाही, आणि कॅपसाठी त्याचा खिसा वेगळ्याच घडणीचा आहे. रसायन एकच, पकड ज्याची त्याची.

माझ्या कामाचा खरा अर्थ मला इथे सापडला. कोरोनावर औषध म्हणून कुणी एनएसपी१६ बंद करू बघेल, तर त्याला आपल्या सीएमटीआर१ ला धक्का लावून चालणार नाही. उंदरांत हे जनुक पुरतं काढलं तर भ्रूणाची वाढच होत नाही, इतकं ते गरजेचं आहे. फ्लूची गोष्ट बरोबर उलटी. फ्लूच्या विषाणूला स्वतः कॅप बनवता येत नाही. तो आपल्या आरएनएची कॅप दहा-बारा न्यूक्लिओटाइडांसकट कापून चोरतो आणि स्वतःच्या आरएनएला लावतो. ती कॅप १ असावी लागते, म्हणजे तो सीएमटीआर१ च्या मेहनतीवर जगतो. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका कामात ट्रायफ्लुओरोमिथाइल-ट्युबरसिडिन या रेणूने मानवी सीएमटीआर१ दाबलं आणि इन्फ्लुएंझा ए आणि बी या दोन्हींची वाढ रोखली. तो रेणू सॅमच्या खिशात बसतो. इतक्या सारख्या दिसणाऱ्या खिशातही निवड करता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. एका रोगात मानवी एन्झाइम वाचवायचं, दुसऱ्यात तेच थोड्या काळासाठी अडवायचं. अणू-अणूंची जागा ठाऊक नसेल तर यातलं काहीच जमणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या बीएस्सीच्या मुलांना मी दोन्ही रचना शेजारी ठेवूनच शिकवते.

मधल्या भागाचं काम संपल्यावर मी पूर्ण ८३५ अमिनो आम्लांच्या प्रथिनाकडे वळले. त्यासाठी जिवाणू सोडून कीटकांच्या पेशी घ्याव्या लागल्या. उत्पन्न कमी, खर्च जास्त, पण जी-पॅचचा प्रश्न त्याशिवाय सुटणारा नव्हता. जी-पॅच डीएचएक्स१५ नावाच्या हेलिकेजला धरतो. २०१८ मध्ये याबद्दल दोन स्वतंत्र गटांची कामं आली. एका गटाला दिसलं की डीएचएक्स१५ चिकटलं की सीएमटीआर१ ची क्रिया दबते आणि ते पॉलिमरेजलाही धरत नाही. दुसऱ्या गटाला दिसलं की आरएनएचं पहिलं टोक घट्ट गुंडाळलेलं असेल, तर डीएचएक्स१५ च्या मदतीनेच सीएमटीआर१ तिथे पोचतं. वरवर पाहता दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. मला तसं वाटत नाही. माझ्या मते उत्तर आरएनएच्या आकारात आहे: सरळ टोकावर सीएमटीआर१ एकटंच पुरे, तिथे हेलिकेज अडसर ठरतं, गुंडाळलेल्या टोकावर तेच वाट मोकळी करतं.

म्हणून आता दोन आरएनए बनवले आहेत. एकाचं टोक मोकळं, दुसऱ्याचं पहिल्याच न्यूक्लिओटाइडपासून हेअरपिनमध्ये वळलेलं, दोन्हींची लांबी सारखी. डीएचएक्स१५ वेगळं शुद्ध करून ठेवलंय, त्याची एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फोडण्याची क्रिया तपासून झाली आहे. चार रकाने हेलिकेजशिवाय, चार हेलिकेजसह, आणि दर जेलला के२३९ए चा एक रकाना. वाशीला फॉस्फरस-३२ ची ऑर्डर सोमवारी गेली.